लोंढा म्हणजे काय, प्रोफेसर?

रत्नागिरीत मला खोली मिळाली ती माझ्या स्वभावामुळे नाही, नोकरीमुळे नाही आणि मामांनी लावलेल्या वशिल्यामुळे तर मुळीच नाही. ती मिळाली एका शब्दामुळे, आणि त्या शब्दाबद्दल मला तेव्हा काडीचीही माहिती नव्हती.

घरमालक पडवीत ताठ बसले होते. पांढरी पँट, पांढरा सदरा, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. ते एका हायस्कुलातून पी.टी.चे शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचली नसावी. मी फाटकातून आत आलो तेव्हा त्यांनी माझ्या चालण्याकडे बघून नाक मुरडलं. माझे पाय जरा फेंगडे पडतात आणि पोट पायांच्या आधी पोचतं, त्याला माझा इलाज नाही.

"करता काय?" त्यांनी विचारलं.

"कॉलेजात शिकवतो. मराठी."

ते खुर्चीतून उठलेच. "मराठी? मग सांगा बघू, लोंढा म्हणजे काय?"

"पाण्याचा जोरात आलेला प्रवाह," मी म्हणालो.

"ते शेजारची शेंबडी पोरंपण सांगतील. पुढे?"

"लक्षणेनं माणसांची गर्दी."

"पुढे?"

पुढे मला काही येत नव्हतं. पण येत नाही असं कबूल करायची आम्हा मराठीच्या प्राध्यापकांत पद्धत नाही. मी चष्मा काढून पुसला आणि म्हणालो, "तसा हा शब्द फार खोल आहे. त्यावर सवडीनं बोलावं लागेल."

"सवड आहे," ते म्हणाले. "वरची खोलीपण रिकामी आहे."

संध्याकाळी मी वळकटी घेऊन राहायला आलो. माझं नाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, पुढेही कधी विचारलं नाही. मी त्यांच्या लेखी 'प्रोफेसर' होतो आणि ते माझ्या लेखी 'सर'. घरातला सगळा कारभार शिट्टीवर चाले. एक शिट्टी म्हणजे पंप सुरू, बादल्या लावा. दोन शिट्ट्या म्हणजे पंप बंद. आणि एक लांबलचक शिट्टी म्हणजे प्रोफेसर, तुमच्या खोलीतला दिवा दिवसाढवळ्या जळतोय. मी सांगलीकडचा माणूस, सकाळी आठपर्यंत अंथरुणात लोळणारा. त्या शिट्टीनं पहिल्या आठवड्यात माझं वजन उतरलं असावं असं मला वाटलं. कॉलेजातल्या शिपायाला मात्र तसं वाटलं नाही.

सरांना गावात सगळे ओळखत, आणि ओळखत म्हणजे टाळत. मासळी बाजारात ते बांगड्यांचा भाव विचारण्याआधी कोळणीला विचारत, "बाय, तुमच्याकडे लोंढा कशाला म्हणतात गो?" एसटी स्टँडवर देवरूखहून गाडी आली की उतरणाऱ्याला धरून विचारत. मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका चाकरमान्याला विचारलं तर तो बिचारा ओशाळून म्हणाला, "आमालाच म्हणतात ना सर, लोंढा?" रेल्वे स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीतल्या बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं की लोंढा जंक्शन बेळगावच्या पुढे आहे आणि तिकडे जाणारी गाडी इथून सुटत नाही. सरांनी तेही ऐकून घेतलं. मला येऊन म्हणाले, "एक जंक्शनपण निघालं, प्रोफेसर. धरून ठेवा."

मी मनात म्हटलं, म्हातारपणी कुणाला बागेचं वेड लागतं, कुणाला भजनाचं. यांना शब्दाचं लागलंय. आपलं काय जातं? उलट भाडं वाढवायची गोष्ट निघाली की मी झटकन एखादी व्युत्पत्ती काढत असे.

मग एक दिवस दुपारी सरांनी मला खाली चहाला बोलावलं आणि आतल्या खोलीत नेलं. खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत त्यांची बायको बसली होती. बारीक अंगाची, केस पांढरे, उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "कशा आहात, काकू?"

"काकू तुमच्या सांगलीला," सर म्हणाले. "इथं काकी."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे. सर चहा आणायला स्वयंपाकघराकडे वळले होते. काकींनी मान उंचावली आणि घसा ताणून हाक मारल्यासारखं म्हणाल्या, "लोंढाऽऽ!"

मी दचकून आजूबाजूला पाणी शोधलं.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. जीव वाचला, पण बोलणं गेलं. सगळे शब्द गेले आणि हा एकच मागे राहिला. नवऱ्याचं, लेकीचं, देवाचं नाव गेलं. चहा, पंखा, औषध हे त्या डाव्या हातानं खुणेनं मागत. तो शब्द त्यातला नव्हता. तो मध्येच यायचा, दिवसातून कितीतरी वेळा, आणि एकदा आला की थांबायचा नाही. पाणी पुढे करा, उशी सरळ करा, टीव्ही लावा, त्या पुन्हा पुन्हा तेच ओरडायच्या, आवाज बसेपर्यंत. मग थकून मान टाकायच्या. थोड्या वेळानं परत सुरू.

"ती काहीतरी मागत्ये," सर मला म्हणाले. "वर्ष झालं. मला कळत नाय ती काय मागत्ये." त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि ती त्यांनी मुठीत धरली होती. त्यांच्यासारख्या माणसाचा आवाज असा बारीक होताना पाहून मला फार वाईट वाटलं. आणि भाडं न वाढण्यासाठी मी तोवर जे तारे तोडले होते, ते सगळे आठवले.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की अशा आजारात एखादा शब्द जिभेवर अडकून राहतो, जुन्या तबकडीवर पिन अडकते तसा. त्याला अर्थ नसतो. हे सरांना मान्य नव्हतं. "डॉक्टर, तिनं उभ्या आयुष्यात बिनकामाचा एक शब्द उच्चारला नाय," असं ते डॉक्टरांना दवाखान्यात सगळ्यांदेखत म्हणाले होते. "बिनकामाचं मी बोलायचो."

त्यांनी आधी काय काय करून पाहिलं होतं ते मला हळूहळू कळलं. पहिल्यांदा त्यांना वाटलं काकींना पाण्याची भीती बसली आहे. त्यांनी घरातल्या गळक्या तोट्या बदलल्या, मोरीच्या दाराला जाड पडदा लावला, पावसात खिडक्या बंद ठेवल्या. काही फरक पडला नाही. मग त्यांना वाटलं, भीती नाही, उलट तिला पाणी बघायचं आहे. म्हणून आम्ही एका रविवारी काकींना रिक्षात घालून भाट्याच्या समुद्रावर घेऊन गेलो. 'आम्ही' म्हणजे सर, मी आणि काकींना सांभाळायला येणाऱ्या ताई. माझ्याकडे छत्री धरायचं काम होतं.

भरती होती. सरांनी पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लाटांत जाऊन उभे राहिले. "हा बघ! पाणी! बघ किती आहे!" असं म्हणून कवायतीसारखे दोन्ही हात पसरले. काकी खुर्चीतून पुढे झुकल्या आणि ओरडू लागल्या. "लोंढाऽऽ! लोंढाऽऽ!" इतकं ओरडल्या की नारळपाणीवाला धावत आला. सर लाटांतून हात हलवत होते आणि काकींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी काय केलं? मी सरांना समजावून सांगितलं की समुद्राला लोंढा म्हणत नाहीत. लोंढ्याला उतार लागतो. वरून खाली, अचानक, गढूळ, काट्याकुट्यांसकट येतं ते. समुद्राच्या पाण्याला भरती म्हणतात आणि काकींचा घोटाळा बहुधा अर्थाच्या कक्षा रुंदावल्यामुळे होत असावा. वारा सुटला होता, काकींच्या घशातून आवाज फुटत नव्हता, आणि मी छत्री धरून अर्थाच्या कक्षा रुंदावत उभा होतो. ताईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते.

उताराची गोष्ट सरांनी मनावर घेतली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी गच्चीवर पिंपं भरली, काकींची खुर्ची अंगणात मांडली आणि बाहेरच्या दगडी जिन्यावरून सगळी पिंपं एकदम उलटी करायचं ठरवलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात त्या दिवशी तपासणीची समिती यायची होती, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट आणि भाच्यानं दिलेला टाय घालून जिना उतरत होतो. शेवटच्या पायरीवर पोचलो तेव्हा अंगणातून काकींनी माझ्याकडे बघत जिवाच्या आकांतानं हाक दिली, "लोंढाऽऽ!"

मला आनंद झाला. पहिल्यांदाच त्यांनी शब्द माझ्याकडे बघून उच्चारला होता. मी वर्गात हुशार मुलीकडे बघून हसतो तसा हसलो आणि म्हणालो, "अगदी बरोबर, काकी!"

मग पाणी आलं.

समितीनं माझ्या ओल्या टायची नोंद घेतली की नाही ते मला ठाऊक नाही. प्राचार्यांनी घेतली.

पण त्या भिजण्यानं मला थोडी शरम आली. एवढा म्हातारा माणूस पिंपं उचलतो आणि आपण नुसते चष्मा पुसतो. मी ग्रंथालयात बसलो, कोश काढले, जुने काढले, त्याहून जुने काढले. आणि एका संध्याकाळी पडवीत सरांसमोर लोंढा या शब्दावर रीतसर व्याख्यान दिलं. संस्कृतात लुठ् म्हणजे लोळणं, गडगडत जाणं. लोटणं, लोट, लोळण ही त्याच घरची मंडळी. लोंढा त्याच कुळातला असावा. पाणी लोळत येतं, गडगडत येतं, म्हणून लोंढा. 'असावा' या क्रियापदावर आम्हा व्युत्पत्तीवाल्यांची पोटं चालतात, म्हणून ते मी सढळ हातानं वापरलं. काकी शेवटचा स्वर लांबवतात त्याचंही कारण सांगितलं. म्हटलं, तो कोकणी हेल आहे. तुम्हा सगळ्यांचाच असतो.

सर घड्याळाकडे न बघता ऐकत होते. माझ्या वर्गात असं कधी होत नाही, त्यामुळे मी जरा जास्तच बोललो. मी थांबल्यावर ते म्हणाले, "म्हणजे संस्कृतातून आला."

"असावा."

"आणि हिच्या तोंडात कुठून आला?"

मी म्हणालो, "तो आमच्या शास्त्राचा विषय नव्हे."

त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि दोन वेळा वाजवली. पंप बंद. मी वर निघून गेलो.

जिन्यात मात्र माझं डोकं पहिल्यांदा चाललं, म्हणजे उशिरा का होईना चाललं. मी परत खाली आलो आणि विचारलं, "सर, काकींच्या माहेरी विचारलंत का?"

ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळू लागले. आपण काहीतरी भलतंच बोललो असं मला वाटलं. कोळणींना विचारलं, कंडक्टरांना विचारलं, तिकिटाच्या खिडकीला विचारलं, मग माहेर कसं सुटलं? ताईंनी मला दुसऱ्या दिवशी हळूच सांगितलं. सर जावई होते. बायकोच्या धाकट्या चुलतबहिणीच्या लग्नात थोरल्या जावयाला पहिल्या पंगतीत पाट मांडायचा तो नव्या जावयाला मांडला गेला. सर तसेच न जेवता बस पकडून रत्नागिरीला परतले आणि त्या गावाकडे त्यांनी पुन्हा तोंड केलं नाही. काकी एकट्या जात, एकट्या येत. पुढे त्यांचा भाऊ गेला तेव्हासुद्धा सर पोचले नाहीत. आता तिथं भावाची बायको तेवढी होती. सारा जिल्हा पालथा घालणारा माणूस सासुरवाडीच्या दारात जाऊन 'माझी बायको काय म्हणते' असं विचारायला धजत नव्हता. मला हसू आलं. मग मला आठवलं की आमच्या घरी बारशाला मला मागच्या रांगेत बसवल्यावरून मी सख्ख्या मावसभावाशी वर्षभर बोललो नव्हतो, आणि माझं हसू ओसरलं.

गणपती झाले. एक दिवस काकी सकाळपासून ओरडत होत्या. दुपारी त्यांच्या तोंडून नुसती हवा येऊ लागली, पण ओठ तोच शब्द म्हणत होते. सर बाहेर आले, बूट घातले, नाडी दोनदा चुकली. "चला, प्रोफेसर," ते म्हणाले. "उद्याची पहिली गाडी. तुम्ही सोबत हवे. तिथं मी काय बोलणार?"

संगमेश्वराच्या वरच्या अंगाला, अगदी सह्याद्रीच्या पायथ्याशी ते गाव. एसटीनं आम्हाला फाट्यावर सोडलं. ऊन पडलं होतं, भात पोटरीला आलं होतं. पायवाट एका पऱ्याशी येऊन थांबत होती. पऱ्या म्हणजे इकडचा पावसाळी ओढा, आठ महिने नुसते दगड आणि चार महिने पाणी. पलीकडे चढावर घरं दिसत होती. पाणी घोट्याएवढं होतं. सर मधल्या दगडावर थांबून बूट धुऊ लागले. सासुरवाडीला मळक्या बुटांनी कसं जायचं! मी त्यांच्या मागं दुसऱ्या दगडावर तोल सांभाळत उभा होतो आणि गावातल्या बायकांशी बोलीत संवाद कसा सुरू करावा याची मनात उजळणी करत होतो.

वरून, झाडीच्या पलीकडून, एक हाक आली. "लोंढाऽऽ!"

सरांचा हात बुटावर तसाच थांबला. तोच शब्द आणि तोच स्वर, शेवट तसाच लांब ओढलेला. दुसऱ्या घरातून कुणीतरी तीच हाक उचलली, "लोंढाऽऽ!" आणि खाली दिली. आमच्या खालच्या बाजूला कपडे धुणारी एक बाई पिळे काखेत मारून झपझप काठावर चढली आणि वर तोंड करून ओरडली, "वर हाय गोऽऽ!" हाक मात्र थांबली नाही. ती आमच्यासाठी होती. "लोंढाऽऽ! लोंढाऽऽ!"

सर पुतळ्यासारखे उभे. मी प्रसन्न. मी सरांना म्हणालो, "ऐकलंत? अगदी तोच हेल!"

त्या कपडे धुणाऱ्या बाईनं येऊन आम्हा दोघांना दंडाला धरून काठावर ओढलं म्हणून हे लिहायला मी आहे. डोंगरात पाऊस झाला होता. खाली ऊन आणि वरून तांबडं पाणी, पाचोळा, लाकडं, सगळं गडगडत आलं आणि आम्ही उभे होतो ते दगड दिसेनासे झाले. माझी एक चप्पल गेली. सरांचा एक बूट गेला. लुठ् धातूबद्दल मी जे सांगितलं होतं ते बरोबर होतं, एवढं समाधान मला मिळालं.

वरच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत उतरली. वयानं वाकलेली, पण आवाज खणखणीत. तीच काकींची भावजय. तिनं आम्हाला ओळखायच्या आधी झापलं.

"कान हायत का भोपळं? हाक दिली ती ऐकू नाय आली?"

"आली," मी म्हणालो.

"मंग उत्तर का नाय दिलास? हाक आली की वर यायचा नि 'वर हाय' म्हनायचा. उत्तर नाय आला तर वरच्या मानसानं काय समजायचा? मानूस वाचला का व्हावून गेला? मंग तो वराडतच ऱ्हानार, घसा फुटंपर्यंत!"

मग तिनं सरांकडे निरखून पाहिलं. "अगो बाई. भावोजी?"

सरांनी नमस्काराला हात जोडले. त्यांच्या एका पायात बूट, एका पायात ओला मोजा. म्हातारीनं आम्हाला घरी नेलं, पाट मांडला, पाणी दिलं, आणि ताट वाढते म्हणाली. जुन्या पंगतीचा विषय कोणीच काढला नाही. सरांनी एवढंच विचारलं, "वैनी, ही हाक... ती पण देई?"

"दुसरा कोन देनार? आमचा घर सगल्यात वर. डोंगरात पानी पडला की पयला आमाला दिसतो. तिचा लगीन होईसतवर हाक तिचीच व्हती. खालच्या वाडीतली मान्सा अजून नाव काडतात." मग पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "बोलना गेला म्हनं तिचा?"

"नाय," सर म्हणाले. "गेला नाय."

आणि ते रडले. पी.टी.चे सर, ताठ बसून, हुंदका न देता, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रडले. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. भाट्याच्या वाळूतून एक बाई आपल्या लाटांत उभ्या असलेल्या नवऱ्याला जिवाच्या आकांतानं वर बोलवत होती आणि मी तिला समुद्र आणि लोंढा यांतला फरक समजावत होतो. अंगणातून ती मला बाजूला व्हायला सांगत होती आणि मी तिला शाबासकी दिली. मला त्या शब्दाचा धातू ठाऊक होता, पण पऱ्यातल्या दगडावरून मी हललो नव्हतो. वर्षभर ती बाई एकटी हाका मारत होती आणि घरातून एकही उत्तर येत नव्हतं, म्हणून ती थांबत नव्हती.

"जेवून जा," म्हातारी म्हणाली.

"पुढच्या खेपेला," सर म्हणाले. "तिला घेऊन येतो. आता गाडी कितीला हाय?"

पहिल्या पंगतीचा मान ज्या घरात हुकला होता त्याच घरून ते दुसऱ्यांदा न जेवता निघाले, पण या वेळी म्हातारीनं त्यांच्या पायात मुंबईला असलेल्या आपल्या मुलाच्या रबरी चपला घातल्या आणि मला वाटेत खायला भाकरी बांधून दिली. मी एका चपलेनं निघालो. माझ्या मापाची त्या घरात नव्हती.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. फाटक वाजलं आणि आतून तो थकलेला, घोगरा आवाज आला, "लोंढाऽ..."

सर अंगणातच थांबले. छाती भरून घेतली. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा जो आवाज त्यांनी आयुष्यभर पोरांना पळवायला वापरला, त्या आवाजात ते ओरडले, "वर हाय गोऽऽ!"

आत शांत झालं. आम्ही दोघं पडवी ओलांडून दारात गेलो. काकी खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी सरांना डोक्यापासून त्या परक्या रबरी चपलांपर्यंत पाहिलं. मग त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांचे खांदे खाली आले, आणि डावा हात उचलून चहाची खूण केली.

डॉक्टर म्हणतात, योगायोग असू शकतो. असेलही. 'असावा' म्हणणारा मी कोण त्यांना दोष देणारा? काकी पूर्वीसारख्याच हाक देतात. सर जिना चढायला लागले, मोरीत ओल्या फरशीवर गेले, बाजाराला निघाले की त्यांची हाक येते. पण आता एकदाच. सर जिथं असतील तिथून उत्तर देतात, मोरीतून, गच्चीवरून, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानातून. गल्लीतली माणसं हसतात. कोळणीला आता कोणी लोंढ्याचा अर्थ विचारत नाही. ती मला विचारते, सर बरे आहेत ना?

गेल्या सोमवारी मी कॉलेजला निघालो होतो. जिन्यावर शेवाळ धरलं होतं आणि मी नेहमीप्रमाणे कागद वाचत उतरत होतो. खिडकीतून हाक आली. "लोंढाऽऽ!" मी पाहिलं तर सर घरात नव्हते, अंगणात ताई नव्हत्या. खिडकीतून काकी माझ्याकडेच बघत होत्या.

"हो, काकी," मी सभ्यपणे म्हणालो.

"लोंढाऽऽ!"

"उतरतो सावकाश."

"लोंढाऽऽ!"

फाटकाबाहेर माझ्या वर्गातल्या मुली थांबून बघत होत्या. मी कागद खिशात घातले, कठडा धरला, शेवटच्या पायऱ्या बघून उतरलो आणि कोरड्या अंगणात दोन्ही पाय टेकवून, सांगलीच्या घशातून निघेल तेवढ्या जोरात ओरडलो, "वर हाय गोऽऽ!"

काकींनी मान हलवली आणि तोंड दुसरीकडे वळवलं.